मागे चार बोटं जागा

देर्लिस आला ऐन उन्हाळ्यात, जानेवारीत,
उत्तरेचा वारा सुटला होता तेव्हा,
ज्या वाऱ्यात सिउदाद देल एस्तेची कुत्रीसुद्धा
एकमेकांवर भुंकायचा आळस करतात.
काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी.
मला वाटलं, कोंबडी.
निघालं ग्राफिक्स कार्ड.

"डॉन अनास्तासियो, एखादा जुना फ्रिज द्या.
हे आत ठेवतो. ब्याण्णव अंशांवर जातंय."

एकतीस वर्षं फ्रिज दुरुस्त करतोय मी.
लोक आत काय काय ठेवतात ते पाहिलंय:
नोटा, बूट, एकदा तर कुणाची कवळी.
पण पेटती चूल कुणी फ्रिजात ठेवत नाही, पोरा.
तो दमेल. घाम फुटेल त्याला.
आणि तो घाम तुझ्या कार्डावर ठिबकला
की रडायलाही माझ्याकडेच येशील.

गार करणं असं काही नसतंच.
ऊब उचलायची, दुसरीकडे नेऊन टाकायची.
हमालीच म्हण ना.

उघडलं.
धूळ इतकी की उशी भरली असती.
चिपवर पांढरं काही वाळून खपली झालेलं.
वास घेतला. पुदिना.
"टूथपेस्ट," तो जमिनीकडे बघत म्हणाला,
"पैसे नव्हते."

वेग मात्र कारखान्याने दिला त्याच्याही वर चढवलेला.
कशाला?
तर पुलापलीकडे, ब्राझीलमध्ये, एक बाई आहे म्हणे,
तिच्यासाठी हा स्वयंपाकघरं काढतो,
अजून कुणी न बांधलेली.
संगमरवरावर सकाळचं ऊन पाडायला
याला आख्खी रात्र लागते,
आणि बाईला ती सकाळ
उजाडायच्या आत हवी असते.

मग बसलो.
दाढीच्या ब्रशने धूळ काढली.
खऱ्या पेस्टची नळी, मसूरभर पुरते, उरलेली त्याला दिली.
भंगारातल्या बस-शीतपेटीचे बारा व्होल्टचे दोन पंखे,
एक जरा कुरकुरणारा,
प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी कार्डाच्या पोटाशी आवळले.
एक्याऐंशी.
मधे तेरेरे झालं, थर्मासातला बर्फ संपेपर्यंत.
त्याने माझ्याकडे पाहिलं, बर्फाकडे पाहिलं.
नाही, म्हटलं.

शेवटचा उपाय त्याचाच, आणि फुकटचा:
विजेचा दाब थोडा उतरवला, वेग तोच ठेवला.
जमतं हे?
म्हणे, कार्डांना गरजेपेक्षा जास्तच पाजतात,
सगळीच सारख्या ताकदीची निघत नाहीत म्हणून.
मला माझा थोरला भाऊ आठवला.
असो.
चौऱ्याहत्तर.

रात्री त्याच्या घरी गेलो, बघायला.
एकच खोली. पत्रा अजून तापलेला.
टेबलाखाली खोकं, खोक्याचं तोंड खाटेकडे,
आणि खाटेवर त्याची आई, न्या तेओदोलिना,
ओला रुमाल कपाळावर घेऊन टक्क जागी.
"तुमच्या यंत्राला थंडी वाजत असेल," म्हणाली,
"माझा रुमाल द्या त्याला."

देर्लिसचा चेहरा उतरला.
माझाही. एकतीस वर्षांचा हमाल,
आणि ओझं नेऊन टाकलं ते बाईच्या पायाशी.

केळ्यांचा एक पुठ्ठ्याचा खोका फाडला,
चिकटपट्टी लावून त्याची सोंड केली,
वाकडी झाली, पण खिडकीपर्यंत पोचली.
बाहेर कोंबड्या होत्या. त्या उठून दुसरीकडे बसल्या.

तोवर पडद्यावर चित्र अर्धं उगवलं होतं.
ओटा, नळ, काचेची फळं,
आणि भिंतीला चिकटून दोन दारांचा पोलादी फ्रिज,
माझ्या दुकानात असला कधी आलेला नाही.
बराच वेळ बघितलं.
"मागे चार बोटं जागा सोड," मी म्हटलं,
"ऊब जाणार कुठून? दोन वर्षांत जळेल."

तो हसला नाही.
माउस धरला, फ्रिज पुढे ओढला,
आणि ऊन पुन्हा पहिल्यापासून पाडायला घेतलं.