कलम

आमच्या कारखान्यात बावीस माणसं, एक यांत्रिक घण
आणि एकच सही.
मानिआगो गावात चाकू करणाऱ्यांना तोटा नाही;
आम्ही करतो फक्त कलमं बांधायचे,
अक्रोडाच्या मुठीचे, मिटले की खिशात मावणारे.

बाबांकडे बावन्न टक्के.
उदिनेच्या नोरिना आत्याकडे सतरा;
ती नाताळात येते, केक खाते,
ताळेबंदाचं शेवटचं पान तेवढं वाचते.
भाऊ एलिओ चौदा, घणापायी एक कान गेलेला.
उरलेले सतरा माझे,
शिवाय स्पॅनिश,
शिवाय रात्री दीडला वाजणारा फोन.

चिलीहून पत्र आलं, कुरिकोच्या एका रोपवाटिकेचं:
दोन हजार हवेत, पाती जरा अरुंद.
मी ते छापून बाबांच्या टेबलावर ठेवलं,
पडद्यावरचं ते वाचत नाहीत.
त्यांनी वर ऐरण ठेवली,
लहानशी, आजोबांची, कागद उडू नये म्हणून.
अकरा दिवस कागद उडाला नाही.

ऐरणीखाली आणखी काय आहे, मला ठाऊक होतं.
बेरूत.
आजोबांचे बाराशे चाकू बोटीत चढले, तिथे उतरलेही,
आणि मग युद्ध सुरू झालं.
पैशांऐवजी आली एक दिलगिरी, सुंदर फ्रेंचमधली.
सोळा वर्षांच्या बाबांनी कानाला खडा लावला.
तो खडा मला वारशात मिळाला,
टक्क्यांच्या कितीतरी आधी.

बँकेतला पोरगा म्हणाला, निर्यातीला बाहेरचा माणूस नेमा.
बाबा म्हणाले, बाहेरच्याला काय,
त्याचं नाव थोडंच पात्यावर आहे!
माझंही नाही.
पात्यावर कोरलेलं असतं: ‘ओलिंतो आणि मुलगे’.

बाराव्या दिवशी, सूप पिता पिता,
एलिओकडे बघत त्यांनी मला विचारलं,
“तिकडे कलमं कधी बांधतात?”
“ऑगस्टात. तिकडे तेव्हा थंडी सरत असते.”
चमचा थांबला.
मे ते जुलै आमचा घण अर्धा दिवस गप्प असतो,
त्या गप्प घणाचे पगार बाबाच वाटतात.
बावन्न टक्क्यांचा माणूस
बोटांवर महिने मोजत होता.

भागीदारीच्या करारात नववं कलम आहे:
माल देशाबाहेर जाईल तो प्रमुखाच्याच सहीने.
ते बदललं नाही. बदलेल असं वाटतही नाही.
सकाळी त्यांनी सही केली, नेहमीसारखी, कागदभर रुंद,
आणि पेन माझ्याकडे सरकवलं.
कुठे करू? जागाच नव्हती.
माझी तिरकी झाली, कडेला, त्यांच्या शेवटच्या अक्षराला चिकटून.
मी दुसरी प्रत काढायला उठले.

“राहू दे,” ते म्हणाले,
“सरळ कापलं तर कलम धरत नाही.”

आत्याला अजून सांगितलेलं नाही.