देवघेव, सकाळी नऊ वाजता

धान्याच्या कोठाराला टेकून आमचं स्टेशन :
दोन खोल्या, एक गळका नळ
आणि टॉवर, ज्याच्या लाल दिव्यावरून
रात्री ट्रकवाले घर किती उरलं ते मोजतात.

पाच वाजता मी गुरांचे भाव वाचते.
मग गारपिटीचा इशारा, मग कोण गेलं,
मग कुणाच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली.
आवाज एकच ठेवायचा, ऑर्लनने शिकवलं होतं;
रडायचं ते गाण्यांनी रडावं,
त्यासाठीच तर ती आणून ठेवलीत.

नऊला 'देवघेव'.
कुणाला कुंपणाची तार हवी असते,
कुणाकडे मांजरीची पिल्लं जास्त झालेली.
आणि दर गुरुवारी, तिसऱ्या कॉलवर, वेंडल कुचेरा :
"पेडल स्टील गिटार. बायकोची. चारशे डॉलर."

कुणी चौकशी केली की पुढच्या गुरुवारी पाचशे.
नेब्रास्काच्या या कोपऱ्यात
मक्याचे भाव पडले, पाऊस पडला नाही,
सातवीचा वर्ग बंद पडला.
चढत गेली ती एवढी एकच वस्तू.
एकवीसशे, मी माईकवर पुन्हा म्हटलंय,
हसू न येऊ देता.

डोरीन कुचेरा शनिवारी हॉलमध्ये वाजवायची,
चष्मा कपाळावर, पाय पेडलवर,
नाचणाऱ्यांकडे एकदाही न बघता.
तिची एक टेप आहे इथे, खोक्यात.
मी ती लावत नाही.
वेंडल कुठल्या वेळी गाडीत असेल, सांगता येत नाही.

मागच्या गुरुवारी चौथा कॉल एका पोरीचा.
डेअरीवरच्या रोसालियोची, इनेझ.
"ती गिटार गेली का?
मला वाजवता येत नाही.
मला फक्त बघायचंय, तो आवाज वाकतो कसा."

वेंडल अजून लाइनवर होता.
फोन ठेवायचा विसरला होता,
की विसरला नव्हता.
चार सेकंद अख्ख्या काउंटीत काहीच वाजलं नाही.
मालकाच्या लेखी हे पाप.
मी बोट बटणावर ठेवलं, दाबलं नाही.

"रविवारी ये," तो म्हणाला, "चर्च सुटल्यावर.
तारा गंजल्यात.
आणि मोठं कुणीतरी आण सोबत, फार जड आहे ती."
किंमत कुणी काढली नाही.

आज तिसऱ्या कॉलवर दुसरंच कुणी.
शिडी, एक पायरी नसलेली, पंधरा डॉलर.
मी विचारलं, कितवी?