पायातली होडी

पाठ माझ्याकडे करून उभ्या राहा, म्हटलं.
नेल्दा ओयार्सून उभी राहिली,
मोजे हातात धरून, वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारखी.
खाली बंदरात कुठलंसं जहाज भोंगा देत होतं.
मागून पाहिलं की धड पायाची
करंगळी दिसते, फार तर तिच्या शेजारचं बोट.
तिच्या डाव्या पायाची मी साडेतीन मोजली.

एकतीस वर्षं टपाल.
वाल्पाराइसोत रस्ता असा थोडाच,
रस्ता संपतो तिथून पायऱ्या सुरू होतात
आणि पत्ते सगळे तिथून पुढचे.
पिशवी कायम डाव्या खांद्यावर.
बोलली नसती तरी टाचेनं सांगितलंच असतं.

घोट्याच्या आतल्या अंगाला, जरा पुढं,
एक हाड असतं, त्याला होडीचं नाव आहे.
ती बसलेली असताना मी त्यावर शाईचा ठिपका दिला,
जमिनीपासून मोजला.
उभी केली, पुन्हा मोजला.
अकरा मिलिमीटर.
एवढी बुडते? तिनं विचारलं.
एवढी, म्हटलं,
आणि एकतीस वर्षं दर पावलाला.

फोमच्या डब्यात पाय दाबला तेव्हा
शिळ्या पावासारखा आवाज आला, ती हसली.
लहानपणी वाळूत चालले, की आई म्हणायची,
पोरी, तुझ्या पावलांना कंबरच नाही.

दोन महिन्यांनी तर निवृत्त होणार तुम्ही,
मग आता कशाला हा खर्च?
विचारू नये. मी विचारलं.

तर एक जिना आहे, एकशे चौऱ्याण्णव पायऱ्यांचा,
वर दोन एवारिस्तो राहतो, एकटा.
ती खालून शिटी वाजवायची,
तो अर्ध्यापर्यंत उतरायचा, ती अर्ध्यापर्यंत चढायची,
असा दोघांचा अलिखित करार.
मग पाय दुखायला लागला.
मी माझा अर्धा कमी करत आणला, ती म्हणाली,
वर्षाला चार-सहा पायऱ्या.
त्याच्या लक्षात आलं नाही.
आलं असेल.
आता तो ब्याऐंशीचा आहे
आणि जवळजवळ रस्त्यापर्यंत येतो.
एकदा त्याच्या दारात जाऊन पत्र द्यायचंय.
आणि पत्र नसलं तर?
विजेचं बिल असतंच.

त्या रात्री साच्यात प्लास्टर ओतलं.
सुकलेला पाय हातात घेतला, तर तळवा
ओहोटीनंतरच्या वाळूसारखा सपाट.
त्यावर तापवलेला पत्रा बसवला, खाली कॉर्क,
टाचेला खोलगट वाटी, आतल्या बाजूला आधार,
घासत राहिलो, बाह्या पांढऱ्या होईपर्यंत.

पडलेली कमान उभी करता येत नाही.
हे मी प्रत्येकाला आधीच सांगतो
आणि प्रत्येक जण ऐकलं न ऐकलं करतो.
मी फक्त तिच्याखाली हात धरतो.
हातसुद्धा आधी टोचतोच:
पहिल्या दिवशी तासभर घाला, दुसऱ्या दिवशी दोन तास,
बुटात करकरलं तर टाल्कम टाका.

तीन आठवड्यांनी आली.
डावा कडेला चावतो, म्हणाली.
मी मशीन लावलं, अर्धा मिलिमीटर काढला,
आणि मान वर न करता विचारलं, जिना?

एकशे बारापर्यंत गेले.
मग?
मग काय, वरून यायला निघालाच होता,
कठड्याला धरून, चपला फटफटवत.
मला तिथं बघून थांबला,
चेहराच पडला त्याचा.
म्हणाला, आज एवढ्या वर?
कोण गेलं?