बारगळलेल्यांची यादी

कॉलेजच्या तळघरात दोनशे बारा खोकी,
एक हीटर, आणि ताशी सतरा डॉलरवर मी.
क्लेटस डेपनर, माजी खासदार.
आयोवातून नऊदा निवडून आले,
दहाव्यांदा चारशे सहा मतांनी पडले,
मग त्यांच्या गॅरेजनेही हात टेकले
तेव्हा हे सगळं इथे आलं.

मांडलेली विधेयकं एकशे त्रेसष्ट.
कायदा झाला एकाचा.
बाकीची, इथे म्हणतात, समितीत मेली.
आईला घरात मरणाचा शब्द उगाच काढलेला चालत नाही,
त्या सवयीने मी मनात म्हणते, बारगळली.
बारगळलं: नदीवरच्या जुन्या पुलाचं.
बारगळलं: रात्रपाळीच्या नर्सना घरी सोडण्याचं.
बारगळलं, बारगळलं,
आणि मक्याच्या कोठारात उतरणाऱ्या पोरांच्या
कमरेला दोर हवाच, असं सांगणारं,
ते तर सात वेळा.
दर वेळी नंबर नवा, मजकूर तोच,
स्वल्पविरामसुद्धा जागचा हललेला नाही.
सातव्या प्रतीच्या समासात पेन्सिलीने:
ड्वेन, वय सतरा. टोपी सापडली नाही.

गुरुवारी ते स्वतः येतात
फोटोतली माणसं ओळखून द्यायला.
काठी टेबलाला टेकवतात, ती पडते,
मी उचलते, ती परत पडते.
मंत्र्याचं नाव आठवत नाही,
पण मागे ट्रे घेऊन उभा आहे तो वेटर,
तो ऑस्कर, त्याला साखर चालायची नाही.

एकदा हळूच विचारलं त्यांनी,
त्या हिवाळ्यातलं मतदान कुठल्या खोक्यात आहे?
एकशे चाळीस, मी म्हटलं.
त्यात युद्धाला दिलेलं 'हो' आहे
आणि नंतर आलेली पत्रं, रबरबँड तुटून विखुरलेली.
मला वाटलं, आता काढून मागतील.
आमच्याकडे हात वर करणं म्हणजे अंग काढून घेणं;
इथे हातही वर करावा लागत नाही,
कार्ड खुपसायचं, बटण दाबायचं,
भिंतीवर नावापुढे हिरवा दिवा.
ते म्हणाले, "पत्रं वर ठेव. माझं मत त्यांच्याखाली."
अभिलेखागाराच्या नियमात हे बसत नाही.
मी ठेवलं.

जो एक कायदा झाला, तो आठ ओळींचा.
एल्डर्स फेरीच्या पोस्ट ऑफिसला
लॉइस टेगमायर हिचं नाव द्यावं,
पुराचे एकोणीस दिवस जिने होडीतून
पेन्शनचे चेक वाटले,
एका घरी तर, दार बुडालेलं म्हणून, माळ्याच्या खिडकीतून.
म्हणजे अठरा वर्षांत एक बारसं.
घुगऱ्यांऐवजी मफिन होते. फोटो आहे, खोकं नव्वद.

नोव्हेंबरात आईला घेऊन तिथेच गेले.
झेडपीच्या शाळेची पेन्शन, सांगलीचं कोषागार,
दरवर्षीचा हयातीचा दाखला:
मी जिवंत आहे, खाली सही.
रांगेत उभ्या उभ्या तिने पितळी पाटी वाचली,
पहिलीच्या वर्गाला वाचून दाखवावी तशी,
अक्षर अक्षर सुटं करत.
"बाई होती होय?" म्हणाली,
आणि पाटीवरची धूळ पदराने, नाही,
कोटाच्या बाहीने पुसली.

गुरुवारी डेपनरांना हे सांगितलं.
काठी पडली. या वेळी त्यांनीच वाकून उचलली,
वेळ लागला.
"पोचला का कागद?"
अजून पोच नाही, म्हटलं.
"मग एवढ्यात लिहू नकोस," ते म्हणाले
आणि पुढचा फोटो ओढला:
बर्फात चौघे, कोणीच ओळखीचं नाही,
पाठीमागे कोरं.