सोमवार, गुरुवार

डॉक्टर एन्टविसल विचारते, आई कितव्या वर्षी गेली?
एकसष्टाव्या.
कशानं?
आणि मला इंग्रजीत पित्त सापडत नाही.

पित्तच म्हणालो होतो आम्ही.
पाठ भरून आली म्हणाली, जबडा ठणकतोय,
कपाळावर घाम, तर कुणी आलेपाक दिला, कुणी सोडा,
आणि ती पदर खोचून पुन्हा कणीक मळायला बसली.
परात तशीच राहिली.
कणकेवर बोटांचे ठसे होते.
संध्याकाळी कुणीतरी ती गाईला घातली.

इथं एका माणसाला दहा मिनिटं मिळतात.
मी त्यातली चार कणकेवर घालवली.

खरं तर मी आले होते घामासाठी.
प्रेस्टनच्या बस स्टेशनामागं ड्रायक्लीनरचं दुकान,
आतल्या खोलीत मी पँटी आखूड करते, चेनी बदलते.
जानेवारीत इस्त्रीच्या वाफेपाशी बसायला सगळे भांडतात.
मला दोन वर्षं तिथं बसवत नाही.
आत कुणीतरी चूल पेटवून विसरून जातं,
मानेपासून लाल होत जाते मी,
मिसेस ऍशवर्थचा कोट अर्धवट टाकून
मागच्या दारात, कचऱ्याच्या डब्यांशेजारी, पावसात.
रात्री खिडकी सताड.
दिगंबर कानटोपी घालून झोपतो,
बोलत नाही काही, सकाळी शिंकतो फक्त.

हृदय वाचवायला म्हणून मी हे देत नाहीये,
ती म्हणते, हे आधी नीट ऐका.
हे झोपेसाठी, घामासाठी, हाडांनाही थोडं मिळेल.
तुम्ही छप्पन्नच्या, पाळी जाऊन चार वर्षं,
आत्ता सुरू केलं तर हृदयाला बहुधा धोका नाही.
सत्तरीत आला असतात तर वेगळं बोलले असते.
गोळीपेक्षा पट्टी बरी, गुठळीची भीती कमी.
स्तनाच्या कॅन्सरचं तीच काढते, किती बायकांत किती, सांगते.
पिशवी आहे ना अजून? मग रात्री ही कॅप्सूलही.
आणि हृदयासाठी वेगळं:
रक्तदाब, कोलेस्टेरॉल, रोज नदीकाठी अर्धा तास.

'बहुधा' मला आवडलं.
आजवरचे डॉक्टर एकतर म्हणाले काही नाही झालेलं,
नाहीतर म्हणाले फार उशीर झाला.

पट्टी पोस्टाच्या तिकिटाएवढी, आरपार दिसणारी.
आयुष्यभर ठिगळं लावत आलेली बाई मी, हसूच आलं.
आभाळ फाटलं तर ठिगळ कुठं लावणार, तू म्हणायचीस.
इथं, आई. डाव्या कुल्ल्यावर,
पुढच्या खेपेला उजव्या.

आठवड्यातून दोनदा बदलायची, सोमवारी आणि गुरुवारी.
एक शंकराचा, एक दत्ताचा.
तू दोन्ही उपाशी धरायचीस,
मी पोटभर नाश्ता करून.

आज तिसरा सोमवार. सरोजला फोन लावला, कराडला.
तिची पिशवी अडतिसाव्या वर्षीच काढली,
सोबत बाकीचंही, कटकट नको म्हणून.
वर कॅल्शियमच्या गोळ्या, त्याही सुटल्या.
काय बाई तुमची तिकडची थेरं, म्हणते,
मी तर सुटले तेव्हाच, देवाला शिवायला मोकळी.
मग जिना चढल्यासारखी थांबते.
बसूनच बोलतेय ना गं तू?
बसूनच.
मग धाप कसली?
काही नाही. सकाळपासून दाढ दुखतीय,
दाढ म्हणजे, जबडाच सगळा.
पित्त असेल.

मी हातातली पट्टी टेबलावर ठेवली.
कागद सोलला होता, ती तिथंच चिकटली.

सरोज, दवाखान्यात जा.
उद्या जाते.
उद्या नाही.
हो गं, उद्या मंगळवार, नको, परवाच—
आज. आत्ता. शेजारच्या पोराला हाक मार, रिक्षा आणायला सांग.
मी फोन ठेवत नाही.
चपला घाल.