गैरहजर

मी मुनीब कव्वास वकिलांचा कारकून.
तेवीस वर्षं त्यांची बॅग उचलली,
डावा खांदा अजून उजव्याहून दोन बोटं खाली आहे.

आमच्या हमा शहरात नदी खाली वाहते, बागा वर राहतात,
मधे लाकडी रहाट, दिवसरात्र कण्हणारे.
पाहुण्याला पहिल्या रात्री झोप लागत नाही.
आम्हाला ते थांबले की जाग येते.

त्यांचा पहिला खटला पाण्याचाच.
उम्म जाबिर, विधवा, सात जर्दाळूची झाडं,
आणि वरच्या बागेचा आगा,
ज्याच्या पाटाला आठवड्याचे आठही दिवस पाणी.
वकील सत्ताविशीचे. सनद कोरी, झगा उसना.
फ्रेंच न्यायाधीश घड्याळ बघत म्हणाला, पुरावा?
यांनी टेबलावर एक वाळकी फांदी ठेवली.
म्हणाले, हुजूर, ही शपथेवर बोलते आहे.
मी हसलो.
न्यायाधीश हसला नाही.
दर मंगळवारी, सूर्योदयापासून दुपारच्या बांगेपर्यंत,
एवढं पाणी मिळालं.

फी म्हणून बाई दरवर्षी परडीभर जर्दाळू आणायची,
ते मंत्री झाले तरी.
राजधानीच्या बंगल्यावर शिपायानं एकदा
एकेक फळ दाबून पाहिलं, बॉम्ब असेल म्हणून.

मग परके गेले. बँड वाजला. झेंडा चढताना दोरीत अडकला,
कुणीतरी पोरगं चढलं तेव्हा सुटला.
आणि आम्ही राज्यघटना लिहायला बसलो.
(आम्ही म्हणजे ते. मी दौत भरत होतो.)
कलम अकरा: कारण सांगितल्यावाचून
कुणालाही कोठडीत ठेवता येणार नाही.
रात्री तीनला एक सभासद म्हणाले, त्यात 'सहसा' घाला.
एका शब्दावर पहाट झाली, कॉफीवर साय धरली.
'सहसा' एका मतानं हरला.
स्वच्छ प्रत मी काढली.
माझं अक्षर त्या दिवशी जितकं सुरेख आलं
तितकं लग्नपत्रिकेवरही आलं नव्हतं.

पुढचं मी कुणाला सांगत नाही.
ते पंतप्रधान असताना, चवथ्या महिन्यात,
सरहद्दीवर गोळीबार, बाजारात पीठ नाही, विद्यार्थी रस्त्यावर.
एक कागद आला. कलम अकरा स्थगित,
फक्त तीस दिवस.
त्यांनी दोनदा वाचला, लेखणी खाली ठेवली, उचलली.
टीपकागद मीच दाबला.
शाई लवकर वाळली.

एकोणिसाव्या दिवशी रेडिओवर कुराणपठणाऐवजी
लष्करी चाल, मग एक तरुण आवाज, निवेदन क्रमांक एक.
दारात कॅप्टन उभा. मिसरूड नुकतं फुटलेलं.
त्यानं तोच कागद वाचून दाखवला, सहीसकट.
साहेबांनी चष्मा मागितला, स्वतः वाचला,
म्हणाले, मसुदा बिनचूक आहे. चला.

डोंगरावरच्या तुरुंगात ते चोरांचे अर्ज लिहायचे,
सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूवर.
त्यातले तिघे सुटले. हे मात्र चौदा महिने.

मग बैरूत. बेकरीवरची खोली, भिंत उबदार.
मी परडी घेऊन गेलो की देशाबद्दल विचारत नसत.
विचारत, रहाट फिरतात ना?
फिरतात, साहेब.
एक मोडलाय, हे नाही सांगितलं.

नव्या सरकारनं त्यांच्या माघारी खटला भरला.
चोपदारानं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं.
तिसऱ्या पुकाऱ्याला मीच उभा राहिलो.
पाय उठले, मी नाही.
तू कोण? म्हणाला.
मी म्हटलं, बॅग.
कोर्टात हशा पिकला. निकालात लिहिलं: गैरहजर.

ते तिकडेच वारले, एका रविवारी.
आमच्याकडे बातमी छापली नाही.

त्यानंतर सरकारं किती झाली, मोजणं सोडलं.
जमिनी गेल्या, आगा गेला, त्याचा पाट बुजला.
पण उम्म जाबिरचा नातू अजून मंगळवारी पहाटे उठतो,
फावडं घेतो, बांध फोडतो.
तो हुकूम रद्द करायचा राहून गेला बहुतेक.
कुणाच्या लक्षात आणून देऊ नका.