एकास बहात्तर

उद्यमबागेत बत्तीस वर्षं
फाउंड्रीचे लाकडी पॅटर्न केले.
बीड निवताना आखडतं,
म्हणून शंभराला एक जास्त धरायचं,
एवढं हाताला पाठ.
हातच आखडेल
याची सूट कुणी धरली नव्हती.

चार वर्षं हंटरचा खोका कपाटावर.
डावा पंख तेव्हाच जोडलेला.
गोंदाची नळी दगड,
पंखांवरच्या चकत्या पिवळ्या.
शेजारच्या भरमानं काढून दिला आज,
"बघा जमतंय काय. न्हाईतर ठिऊया की परत."

उजवा पंख, डाव्या हातानं.
चिमटा कापतो.
श्वास धरला की जास्तच.
नाकाखालचं चाक कुठंतरी उडालं.

दुपारी अनगोळवरून
सांब्र्याकडं एक विमान उतरत गेलं,
मान वर करायच्या नादात
श्वास सुटला
आणि पंख बसला.

अर्धा मिलिमीटर खाली.
दुसऱ्या कुणाचा असता
तर मीच परत पाठवला असता.
पॉलिशपेपर उचलला,
ठेवला.

भरमा अजून कॉटखाली.
"घावलं!" म्हणतो.

मसुराचा दाणा आहे तो.

असू दे म्हटलं,
ठेव इथंच, डबीत.